उंची, खोली आणि मधले शून्य

पाण्याची खोली सांगणारी मराठीतली जुनी मापे माणसाच्या शरीरावरून आलेली आहेत. विहीर तीन ‘परस’ खोल असते. परस म्हणजे पुरुष, उभ्या माणसाची उंची. दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होणारे अंतर म्हणजे एक ‘वाव’. दोर पाण्यात सोडायचा आणि वर ओढताना तो हातांनी वावेवावेने मोजायचा, ही रीत सर्व समुद्रांवर होती. संस्कृतातला ‘व्याम’, ग्रीकांचा ‘ऑर्गिया’ आणि इंग्रजांचा ‘फॅदम’ ही तिन्ही मापे पसरलेल्या दोन हातांचीच आहेत. पर्वताची गोष्ट वेगळी. त्याची उंची सांगताना भाषा शरीर सोडते आणि आकाशाकडे वळते. पर्वत गगनाला भिडतो, अभ्रांना शिवतो. समुद्र मात्र अथांग असतो, म्हणजे आपला दोर पुरत नाही. उंची दिसते, खोली चाचपावी लागते. उंची आणि खोली यांच्या तुलनेचा जो इतिहास येथे मांडायचा आहे, त्याची सुरुवात भाषेतल्या या भेदापासून करावी लागते.

आज ही तुलना शाळकरी मुलालाही पाठ असते. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेचा सर्वांत खोल भाग, ‘चॅलेंजर डीप’, १०,९०० मीटरांहून अधिक खोल. एव्हरेस्ट उचलून त्या गर्तेत ठेवले, तर शिखरावर आणखी दोन किलोमीटर पाणी उरेल. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते की ते कालपरवापर्यंत कोणालाच उच्चारता आले नसते, हे आपल्या लक्षात येत नाही. त्यातला पहिला आकडा १८५२ च्या सुमाराचा आणि दुसरा १९५१ चा. दोन आकड्यांमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. तुलनेची ओढ मात्र दोन हजार वर्षांहून जुनी. आकडे हाती नसतानाही माणूस ही तुलना का करीत होता आणि आकडे आल्यावर त्या जुन्या तुलनेचे काय झाले, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळात लिहिणारा प्लुटार्क रोमन सेनापती एमिलियस पॉलसच्या चरित्रात ऑलिंपस पर्वताविषयी थोडे विषयांतर करतो. झेनागोरस नावाच्या गणितज्ञाने ऑलिंपसची उंची मोजली होती. ती १० स्टेडियांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे १,९०० मीटर भरली. त्यानंतर प्लुटार्क सांगतो की, कोणत्याही पर्वताची उंची आणि कोणत्याही समुद्राची खोली १० स्टेडियांपेक्षा अधिक नसते, असे भूमितिज्ञांचे मत आहे. या मतात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, समुद्राची खोली कोणी मोजलेली नव्हती. स्ट्रेबोने पोसिडोनियसच्या आधारे नोंदवलेला त्या काळातला मोठ्यात मोठा मोजलेला आकडा सार्डिनियाजवळच्या समुद्राचा, सुमारे एक हजार ऑर्गियांचा होता. दोन, तरीही दोन्हींना एकच मर्यादा घालून दिली होती. जेवढे वर, तेवढेच खाली. मोजमाप जिथे नव्हते तिथे समतोलाच्या कल्पनेने जागा भरून काढली.

ही ओढ केवळ ग्रीकांची नव्हती. महाभारताच्या आदिपर्वात समुद्रमंथनाच्या प्रसंगी मंदर पर्वताचे वर्णन येते. तो अकरा हजार योजने वर उठलेला आणि तेवढीच योजने भूमीखाली रुतलेला आहे. प्लुटार्कच्या भूमितिज्ञांचा समतोल येथे एकाच पर्वताच्या देहात आला आहे. विष्णुपुराणातला मेरू ८४ हजार योजने उंच आणि १६ हजार योजने भूमीखाली गेलेला. येथे समानता नाही, पण वर असणाऱ्याला खाली काही असलेच पाहिजे हा आग्रह तोच. महाभारताच्या वनपर्वात तर उंची आणि खोली या दोहोंचा निकाल एकाच ऋषीच्या हातून लागतो. मेरूशी स्पर्धा करीत वाढणाऱ्या विंध्याला अगस्त्य वाकवतो आणि लगेच पुढच्या कथेत तोच समुद्र पिऊन टाकतो. दोन्ही अमर्याद गोष्टींना मर्यादा घालणारा एकच माणूस असावा, तोही देहाने लहानखुरा, ही योजना अर्थपूर्ण वाटते. कालिदासाने कुमारसंभवाच्या आरंभीच हिमालयाला पूर्व आणि पश्चिम समुद्रांत उतरलेला पृथ्वीचा मानदंड कल्पिले. पर्वत हीच मोजकाठी, आणि तिची दोन्ही टोके समुद्रात बुडालेली.

या उल्लेखांतून ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढण्याची सवय अनेकांना असते. ती येथे कामाची नाही. अकरा हजार योजने हा मोजलेला आकडा नव्हे, तो भव्यतेचा आकडा आहे. प्लुटार्कचे १० स्टेडिया हाही समुद्रापुरता मोजलेला आकडा नव्हता. या कथांचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. उंची आणि खोली या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत, एकीचा विचार करताना दुसरी आपोआप समोर येते, ही मनाची घडण त्यांत दिसते. पुढचा सारा इतिहास या घडणीची परीक्षा आहे.

उंचीच्या मोजणीने आधी वेग घेतला. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या प्यू द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली आणि वर जाताना पारा उतरतो हे दाखवून दिले. हवेच्या वजनावरून उंची काढता येईल, हे त्यातून स्पष्ट झाले. १८०२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जूनमध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझोवर चढत होता. ते जगातले सर्वोच्च शिखर आहे असा तेव्हा समज होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ जमिनीवर साखळी अंथरून पहिली आधाररेषा मोजायला घेतली. ज्या सर्वेक्षणाला पुढे ‘ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि ज्याच्या हातून चिंबोराझोचा मान जायचा होता, त्याची ही सुरुवात. धवलगिरीची उंची २६ हजार फुटांहून अधिक आहे असे १८१० च्या सुमारास भारतातून कळवले गेले, तेव्हा युरोपातल्या अनेक विद्वानांनी ते मानण्यास नकार दिला. अँडीजहून उंच काही असू शकते, हे त्यांच्या पचनी पडत नव्हते.

‘शिखर क्रमांक १५’ ची गोष्ट आता सर्वपरिचित आहे. नेपाळचे दरवाजे सर्वेक्षकांना बंद होते. म्हणून १८४९-५० मध्ये दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या मैदानी ठाण्यांवरून त्या शिखराचे कोन घेतले गेले. प्रकाशाचा किरण दाट आणि विरळ हवेतून येताना वाकतो. त्या वाकण्याचा हिशेब करावा लागला. १८५२ मध्ये सर्वेक्षणाचे मुख्य गणनाधिकारी राधानाथ सिकदार आणि त्यांच्यासोबतच्या गणकांच्या आकडेमोडीतून हे शिखर सर्वांत उंच असल्याचे दिसू लागले. अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर केला. हे होतात सुमारे ८,८४० मीटर. नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रितपणे जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. उपग्रह नाहीत, शिखरावर पाऊल नाही, आणि तरी फरक नऊ मीटरांचा.

आता त्याच १८५२ सालातला दुसरा आकडा पाहावा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ‘हेराल्ड’ या ब्रिटिश जहाजावरून कॅप्टन डेनम यांनी शिसे बांधलेला दोर सोडला. ७,७०६ फॅदम, म्हणजे १४ किलोमीटरांहून अधिक दोर गेल्यावर तळ लागला अशी नोंद झाली. जगातल्या कोणत्याही समुद्रात एवढी खोली नाही. शिसे केव्हाच तळाला टेकले असणार, किंवा प्रवाहाने दोर आडवा वाहून नेला असणार. दोर मात्र स्वतःच्याच वजनाने सुटत राहिला. बारा वर्षांपूर्वी, १८४० मध्ये, जेम्स क्लार्क रॉस यांनी त्याच समुद्रात २,४२५ फॅदमांची नोंद केली होती. खोल समुद्राचे पहिले भरवशाचे मोजमाप म्हणून ती गणली जाते.

एकाच वर्षी, एकाच साम्राज्याचे प्रशिक्षित लोक मोजत होते. उंचीतली चूक नऊ मीटरांची, खोलीतली चूक काही हजार मीटरांची. यातून मोजणाऱ्यांच्या कर्तृत्वाविषयी काही सिद्ध होत नाही. मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या स्वभावाविषयी होते. शिखराकडे दुरून पाहता येते, सहा ठिकाणांहून पाहता येते, एक निरीक्षण दुसऱ्याने तपासता येते. समुद्राचा तळ कोणालाच दिसत नाही. तिथे हातातल्या दोराला बसलेला झटका हा एकच साक्षीदार, आणि दोर लांब झाला की तोही मुका होतो.

खोलीची मोजणी सुधारली ती ज्ञानाच्या तहानेइतकीच तारायंत्राच्या गरजेने. अटलांटिकच्या तळावरून तार टाकायची तर तळ कसा आहे हे कळायला हवे. अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरी यांनी १८५४ मध्ये उत्तर अटलांटिकच्या खोलीचा नकाशा तयार केला. त्याच सुमारास जॉन ब्रुक यांनी अशी युक्ती काढली की, तळ लागताच वजन सुटून पडे आणि हलकी झालेली कांडी तळाचा चिखल घेऊन वर येई. आता ‘तळ लागला’ या विधानाला पुरावा मिळाला, ओंजळभर चिखलाचा. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून ४९२ ठिकाणी खोल समुद्र मोजला. २३ मार्च १८७५ रोजी मारियाना बेटांच्या परिसरात ४,४७५ फॅदम, म्हणजे सुमारे ८,१८४ मीटर खोली मिळाली. हा आकडा एव्हरेस्टच्या जवळ येणारा होता. १८९९ मध्ये ‘नीरो’ या अमेरिकन जहाजाने ग्वाम बेटाजवळ ९,६०० मीटरांहून अधिक खोली नोंदवली. खोलीने उंचीला मागे टाकल्याचे प्रथम कळले ते असे, दोराच्या टोकाने, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पुढे दोराची जागा ध्वनीने घेतली. जहाजावरून नाद सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहायचे. १९५१ मध्ये ‘चॅलेंजर’ याच नावाच्या दुसऱ्या ब्रिटिश जहाजाने ध्वनीच्या साहाय्याने सर्वांत खोल जागा शोधली. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ या पाणबुड्या यानातून तिच्या तळाशी उतरले. एव्हरेस्टच्या माथ्यावर माणूस पोचून तेव्हा सातच वर्षे झाली होती.

आकडे हाती आले आणि दोन हजार वर्षांचा समतोल मोडला. तो दोन टोकांच्या तुलनेत जेवढा मोडला, त्याहून अधिक सरासरीच्या तुलनेत मोडला. ‘चॅलेंजर’ मोहिमेत सहभागी असलेले जॉन मरे यांनी १८८८ मध्ये साऱ्या जमिनीची उंची आणि साऱ्या समुद्राची खोली यांचा एकत्र हिशेब मांडला. जमिनीची सरासरी उंची सुमारे २,२५० फूट निघाली. समुद्राची सरासरी खोली १२ हजार फुटांच्याही पुढे गेली. आजचे आकडे जमिनीसाठी सुमारे ८४० मीटर आणि समुद्रासाठी सुमारे ३,६८० मीटर आहेत. म्हणजे पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राखाली, आणि त्या समुद्राची सरासरी खोली जमिनीच्या सरासरी उंचीच्या चौपटीहून अधिक. सारे पर्वत खणून समुद्रात लोटले आणि पृथ्वी गुळगुळीत केली, तर सर्वत्र अडीच किलोमीटरांहून खोल पाणी उभे राहील. एव्हरेस्ट आणि मारियाना यांची जोडी या दृष्टीने फसवी आहे. ती दोन अपवादांची तुलना आहे. सामान्य जमीन आणि सामान्य समुद्र यांच्यात तुलना होऊच शकत नाही, एवढी तफावत आहे.

या हिशेबातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. पृथ्वीवर कोणत्या पातळीला किती क्षेत्र आहे याचा आलेख काढला, तर त्याला एक शिखर येत नाही, दोन येतात. एक समुद्रसपाटीच्या जराशी वर, दुसरे चार-पाच किलोमीटर खाली. मधल्या पातळ्या तुलनेने रिकाम्या. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडांच्या भ्रमणाची कल्पना मांडताना याच आलेखाचा आधार घेतला. पृथ्वीचे कवच एकाच द्रव्याचे असते आणि सुरकुत्या पडून उंचसखल झाले असते, तर मधल्या पातळीला सर्वाधिक क्षेत्र असायला हवे होते. दोन शिखरे येतात, याचा अर्थ खंडांचा आणि सागरतळाचा दगड मुळातच भिन्न आहे. पर्वत म्हणजे उलटा धरलेला समुद्र नव्हे, हे येथे निश्चित झाले.

तरीही ‘जेवढे वर तेवढे खाली’ ही कल्पना पूर्णपणे नाहीशी झाली नाही. तिने जागा बदलली, आणि हा बदल घडला भारतातल्याच एका चुकलेल्या हिशेबातून. मुजफ्फरनगरजवळचे कलियाना आणि मध्य भारतातले कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अक्षांशांचे अंतर सर्वेक्षणाने दोन पद्धतींनी काढले होते, जमिनीवर त्रिकोण मोजून आणि ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक पडला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे गणितज्ञही होते. त्यांनी असा तर्क केला की, हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे खेचत असणार. पण हिमालयाचे वजन धरून त्यांनी गणित केले, तेव्हा फरक १५ विकलांहून अधिक यायला हवा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच होता. हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत नव्हता. जणू तो आतून हलका होता.

१८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी याचे उत्तर सुचवले. पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका जितका वर दिसतो, त्याच्या प्रमाणात तो खालीही बुडालेला असतो. त्याप्रमाणे पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोलवर गेलेले असते. प्रॅट यांचे उत्तर वेगळे होते. पर्वताखालचा खडक कमी घनतेचा आहे असे ते मानत. पुढच्या संशोधनाने हिमालयापुरती तरी मुळाची कल्पना मोठ्या प्रमाणात ग्राह्य ठरवली. तिथे आणि तिबेटखाली भूकवचाची जाडी ७० किलोमीटरांच्या आसपास जाते. म्हणजे उंचीला जोड असतेच, पण ती शेजारच्या समुद्रात नसते. ती त्याच पर्वताच्या पायाखाली असते. मंदराची अकरा हजार योजने वर आणि अकरा हजार खाली ही कल्पना येथे आठवणे स्वाभाविक आहे. पण आठवण आणि पुरावा यांत गल्लत करू नये. महाकाव्याला पर्वत स्थिर हवा होता म्हणून त्याने त्याला मूळ दिले. एअरींना ओळंबा का कमी कलतो हे सांगायचे होते. उत्तरे एकमेकांच्या जवळ आली, प्रश्न वेगळेच राहिले.

आता तुलनेच्या मधल्या रेघेकडे वळले पाहिजे. उंची वर मोजायची आणि खोली खाली, पण कुठून? समुद्रसपाटीपासून, हे उत्तर आपण विचार न करता देतो. समुद्र मात्र सपाटही नसतो आणि स्थिरही नसतो. भरती-ओहोटीने तो दिवसातून दोनदा वरखाली होतो. म्हणून बंदरात यंत्र बसवून वर्षानुवर्षे नोंदी घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढून तिला शून्य म्हणायचे, अशी पद्धत आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून होत आली. १९०९ मध्ये भारताच्या तलमापनाचे शून्य ठरवले गेले, तेव्हा ज्या नऊ बंदरांच्या सरासऱ्या आधाराला घेतल्या त्यांत कराची, मद्रास, कारवार यांच्याबरोबर मुंबईही होती. महाबळेश्वर किंवा कळसूबाई यांची उंची आपण सांगतो, तेव्हा तिच्या मुळाशी बंदरावरच्या एका तरंगत्या गोळ्याने कागदावर ओढलेली रेघ असते. चीनने आपल्या बाजूने एव्हरेस्ट मोजताना पिवळ्या समुद्राचे शून्य धरले होते. एकाच शिखराच्या उंचीविषयी दोन देशांत दीर्घकाळ मतभेद राहिले. शिखर खडकापर्यंत मोजायचे की बर्फापर्यंत, हा त्यांतला मुख्य वाद होता.

शिवाय भरती-ओहोटी वजा केली तरी समुद्र समतल होत नाही. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसते. जिथे ते कमी तिथे पाणी खाली बसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श गणिती आकारापेक्षा १०० मीटरांहून अधिक खाली आहे. त्यावरून जाणाऱ्या जहाजाला या खळग्याची जाणीव होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ‘खाली’ हा शब्दच त्या गुरुत्वाकर्षणाने ठरतो. शून्य बदलले की विजेताही बदलतो. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले, तर सर्वांत दूरचे शिखर एव्हरेस्ट नव्हे, हुम्बोल्टचा चिंबोराझो आहे; विषुववृत्ताजवळ पृथ्वी फुगीर असल्याने तो सुमारे दोन किलोमीटरांनी पुढे जातो. पायथ्यापासून मोजले, तर हवाईचा मौना केआ १० किलोमीटरांहून उंच भरतो. पण त्यातले ४,२०७ मीटरच पाण्यावर आहेत, उरलेला पर्वत समुद्रात आहे. मौना केआ हा उंचीच्या रकान्यात लिहायचा की खोलीच्या, हे त्या मधल्या रेघेशिवाय ठरत नाही.

या इतिहासातली माणसेही त्या रेघेच्या दोन बाजूंना उभी आहेत. राधानाथ सिकदार हे कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचे विद्यार्थी. १८३१ मध्ये ते सर्वेक्षणात आले. डेहराडूनला एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीला धरले, तेव्हा त्यांनी १८४३ मध्ये विरोध केला आणि दोनशे रुपये दंड भरला. सर्वेक्षणाच्या अधिकृत मार्गदर्शक ग्रंथातली गणिती प्रकरणे त्यांच्या साहाय्याने सिद्ध झाली होती. १८५१ च्या पहिल्या आवृत्तीत त्याचा कृतज्ञ उल्लेख होता. सिकदार १८७० मध्ये वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गळला. शिखराला नाव मिळाले ते जॉर्ज एव्हरेस्ट यांचे, ज्यांनी त्या शिखराच्या मोजणीत भाग घेतलेला नव्हता आणि ज्यांनी स्वतः या नावाला हरकत घेतली होती.

खोलीच्या बाजूला मेरी थार्प आहेत. १९५२ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमोंट वेधशाळेत त्या प्रतिध्वनींच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचे छेद काढीत होत्या. स्त्रियांना संशोधन जहाजांवर जाऊ देत नसत, म्हणून मोजमापे ब्रूस हीझन आणायचे आणि चित्र थार्प काढायच्या. महासागराच्या मध्यावरच्या पर्वतरांगेत माथ्यावरून एक खोल दरी गेलेली त्यांना दिसली. हीझन यांनी प्रथम ती बायकी कल्पना म्हणून झटकून टाकली. भूकंपांच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या नेमक्या त्याच दरीत पडत गेल्या. सागरतळ तिथे फाटतो आणि नवा तळ जन्मतो, हे पुढे सर्वमान्य झाले. सिकदारांनी शिखर सर केले नव्हते आणि थार्प यांनी तो तळ पाहिला नव्हता. दोघांनीही दुसऱ्यांनी आणलेल्या आकड्यांतून, मेजावर बसून, जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा आकार ओळखला. सर्वांत उंच शिखर आणि सागरतळावरची ती दरी, दोन्ही वाचनातून सापडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि दोन्ही वेळा वाचणाऱ्याचे नाव उशिरा घेतले गेले.

एक तुलना अजून करायची राहिली. एव्हरेस्टचा माथा चुनखडीचा आहे. तो खडक ४५ कोटी वर्षांहून जुना असून त्यात सागरी जीवांचे अवशेष सापडतात. भारतीय उपखंडाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका उथळ समुद्रात तो थराथराने साचला आणि खंडांच्या धडकेत उचलला गेला. नेपाळीत या शिखराला ‘सगरमाथा’ म्हणतात; तिथल्या ‘सगर’ शब्दाचा अर्थ आकाश. मराठीत मात्र ते नाव पुष्कळदा ‘सागरमाथा’ असे लिहिले जाते. शब्दाच्या दृष्टीने ते अशुद्धच म्हणायला हवे. खडकाच्या दृष्टीने मात्र ते बरोबर आहे.

म्हणजे ज्याला आपण उंचीचे टोक मानतो, तो एकेकाळचा समुद्रतळच आहे. २०२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगातल्या समुद्रतळाचा चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग प्रत्यक्ष मोजून नकाशावर आला आहे. उरलेला अंदाजाने रंगवलेला आहे. शिखरांची उंची आता आपण सेंटिमीटरांत सांगतो, तर खोलीच्या आकड्यात अजूनही काही मीटरांची शक्यता सोडावी लागते. साहित्याच्या अभ्यासात ‘उंची’ आणि ‘सखोलता’ हे शब्द आपण रोज वापरतो. अमुक कवीची उंची, तमुक कादंबरीची खोली. हे शब्द भूगोलातून आले असतील, तर भूगोलाचा हा इतिहासही त्यांच्याबरोबर यायला हवा. उंची दुरून दिसते आणि तिच्याविषयी लवकर एकमत होते. खोलीला दोर सोडावा लागतो आणि पहिला आकडा बहुधा चुकतो. आणि दोन्ही सांगण्यापूर्वी आपण शून्य कुठे धरले आहे, ते कोणत्या बंदरावर आणि कोणत्या काळातल्या सरासरीने ठरवले आहे, हे सांगणे ही टीकाकाराचीही जबाबदारी ठरते.